दादाच्या वह्या, बदललेला सिलेबस आणि कंसातला बेडूक

या सदराकडे आलेलं पत्र थोडक्यात असं. मुलगी १९ वर्षांची, गाव परभणीकडचं, वडिलांची कोरडवाहू शेती. लातूरला रूम करून राहते, मेसचा डबा, 'नीट'चा म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास. बारावीबरोबर २०२४ ला ७२० पैकी ५४० आले, मग एक वर्ष ड्रॉप घेतला आणि २०२५ ला ४५८. फिजिक्समध्ये २० बरोबर, १४ चूक, ११ सोडले. केमिस्ट्रीत ३१, ८ आणि ६. बायोत ७२, १२ आणि ६. चुलतभाऊ २०२१ ला नीट काढून सरकारी कॉलेजला लागलाय, त्याच्या हाताने लिहिलेल्या सात वह्या हिच्याकडे आहेत आणि दोन्ही वेळा अभ्यास त्यांच्यावरूनच केला. ती लिहिते: "सिलेबस बदलला आणि माझ्या वह्या जुन्या, म्हणून मार्क घसरले. क्लासवाले म्हणतात नवीन सिलेबसची वेगळी बॅच लाव, १८ हजार. ग्रुपवर रोज एक पीडीएफ येते, काय वगळलं, काय आलं. दादाला सांगायची हिंमत नाही, आईने त्या वह्या देवासमोर ठेवून हळदकुंकू लावून दिल्यात. काका म्हणतात आता बास, बीएएमएस मिळत असेल तर घे. रँक मागच्या वर्षीपेक्षा वर आहे, पण त्याचा काय उपयोग. सगळं पहिल्यापासून करू का सोडून देऊ?"

पोरी, शेवटून दुसरी ओळ तू अशी टाकलीस की जणू डब्यातली उरलेली चटणी. "रँक वर आहे पण त्याचा काय उपयोग." अगं, तिथेच तर सगळं आहे. २०२४ ला मार्कांचा नुसता पूर आलेला, पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०. २०२५ ला फिजिक्सने भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं, देशात पहिला आला त्याला ६८६. ओपनची पात्रतेची रेघ १६२ वरून १४४ वर आली. म्हणजे गेल्या वर्षी ज्वारी पायलीने मोजली आणि यंदा किलोने, आणि तू आकडे शेजारी शेजारी ठेवून म्हणतेस माल कमी आला. मार्क ८२ ने कमी आणि रँक वर, याचा अर्थ बाकीच्यांचे तुझ्यापेक्षा जास्त घसरले. तू मागे गेलेली नाहीस. हे घरी काकांना पण असंच सांग, ज्वारीचं सांगितलंस की त्यांना लगेच कळेल.

आता सिलेबस. तो बदलला हे खरंच आहे, पण कधी बदलला? नॅशनल मेडिकल कमिशनने नवा अभ्यासक्रम काढला ऑक्टोबर २०२३ मध्ये, २०२४ च्या परीक्षेसाठी. तू तेव्हा बारावीत, दिवाळीच्या आधी. तुझे दोन्ही पेपर त्याच सिलेबसवर झालेत. मग ५४० आणि ४५८ मधला फरक सिलेबसच्या माथी कसा मारायचा? २०२५ ला जे बदललं ते वेगळंच होतं, आणि त्याबद्दल तुझ्या पत्रात अक्षर नाही. कोरोनाच्या वेळी, २०२१ पासून, सेक्शन बी आलेला ना, १५ पैकी कुठलेही १०, म्हणजे एकूण २०० प्रश्न आणि सोडवायचे १८०. फिजिक्समध्ये ५ प्रश्न नकोसे वाटले तर सरळ ओलांडून जायचे, कोणी विचारत नव्हतं. २०२५ ला ती सोय गेली. १८० प्रश्न, सगळे सोडवायचे, आणि वेळ २०० मिनिटांवरून १८०. तुझा दादा २०२१ चा, म्हणजे त्याच्या सगळ्या युक्त्या 'आधी सोपे निवड' या जमान्यातल्या, आणि मला दाट संशय आहे की तू हॉलमध्ये तसंच निवडत बसलीस.

तुझेच आकडे बघ. फिजिक्सचे १८० पैकी ११४ मार्क गेले, २५ प्रश्नांचे चार-चारने १०० आणि वर १४ चुकांचे १४ निगेटिव्ह. बायोत ९० प्रश्न असून ८४ च मार्क गेले. आणि सिलेबसच्या कापाकापीत धडेच्या धडे उडाले ते बायो आणि केमिस्ट्रीतले. फिजिक्सची बॅट तीच, बॉल तोच. नवं काय आलं तर प्रयोग: व्हर्नियर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, रेझोनन्स ट्यूब, झेनर डायोड, असे वीसेक. हे अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलचंच सामान आहे. पण तुम्हा मुलांनी लॅबचं तोंड किती वेळा पाहिलं ते मला माहितीये, मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजात झुऑलॉजी शिकवलंय, फेब्रुवारीत रात्रभर एकमेकांची जर्नलं उतरवणारे हात मी बघितलेत. तेव्हा जर्नल काढ, ज्याचं खरं लिहिलेलं असेल त्याचं काढ, आणि प्रत्येक प्रयोगात लीस्ट काउंट किती, चूक कुठे होते आणि ग्राफ कसा येतो एवढं तरी स्वतः मांड. रविवारचे तीन-चार बस्स झाले.

म्हणून १८ हजार भरायच्या आधी एक काम कर, त्याला पैसे लागत नाहीत. परीक्षा घेणारी एनटीए ओएमआरची, म्हणजे गोळे काळे केलेल्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन कॉपी आणि उत्तरतालिका देते, ती डाउनलोड करून ठेवली असशील, नसेल तर मैत्रिणींकडून तुझ्या कोडची प्रश्नपत्रिका तरी मिळव. चुकलेल्या ३४ आणि सोडलेल्या २३ प्रश्नांसमोर एकेक शब्द लिहायचा. वाचलंच नव्हतं तर 'नव्हतं'. वाचलं होतं, आठवलं नाही, तर 'विसरले'. दोन पर्यायांत अडकून काहीतरी काळं केलं तर 'तुक्का'. येत होतं पण वेळ गेला किंवा आकडा चुकला तर 'घाई'. खोटं लिहू नकोस, ते कागद कोणी बघणार नाहीये. 'नव्हतं' वीस निघाले तर तुझं म्हणणं खरं, लाव ती बॅच, मी आडवी येणार नाही. पण माझा अंदाज सांगते, पाच-सात निघतील. आणि 'तुक्का' जास्त असतील तर लक्षात घे, ३४ चुकांनी तुझे ३४ मार्क तर नुसते खिशातून काढून नेलेत, प्रश्न न येण्याचं नुकसान वेगळं.

आता दादाच्या वह्या. इथे मला तुझ्या दोन्ही टोकांशी भांडायचंय, म्हणजे 'दादाचं म्हणजे देवाचं' याच्याशी पण आणि 'जुनं म्हणजे रद्दी' याच्याशी पण.

२०२४ च्या पेपरात अणूवरचा एक प्रश्न होता, १९ नंबरचा, तू पण सोडवलेला आहेस. दोन विधानं. पहिलं, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि स्वतःचा वर्णपट देतात. जुन्या एनसीईआरटीत, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकात, 'प्रत्येक' असं छापलेलं म्हणून हजारो पोरांनी दोन्ही बरोबर असं काळं केलं, एनटीएने आधी दोन्ही उत्तरं मान्य केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं एकच उत्तर बरोबर, दुसरं विधान चूक. चार लाखांहून जास्त पोरांचे पाच-पाच मार्क गेले, आणि शेवटी पैकीच्या पैकी मिळालेले उरले १७. एका शब्दावर, बघ. पण गंमत अशी की पुस्तक बाजूला ठेवून कोणी क्षणभर विचार केला असता, युरेनियम, रेडियम हे काय स्थिर असतात का, तर जुनं पुस्तक असो की नवं, उत्तर चुकलं नसतं. दादाच्या वहीत ते वाक्य असेल तर ते दादाने पुस्तकातून उतरवलेलं आहे, त्याचा काय दोष.

आता उलटी बाजू. एनसीईआरटीने पुस्तकं हलकी केली तेव्हा केमिस्ट्रीतून पी-ब्लॉकचे धडे काढून टाकले, अकरावीतला पण आणि बारावीतला पण. नवं कोरं पुस्तक घेतलेल्या पोरांना वाटलं गेलं, सुटलो. पण नीटच्या अभ्यासक्रमात १३ ते १८ ग्रुप अजून आहेत, निदान त्यांची ओळख आणि गुणधर्मांचे ट्रेंड एवढे तरी. म्हणजे नव्या पुस्तकात नाही आणि परीक्षेला आहे. इथे दादाची केमिस्ट्रीची वही सोनं आहे. ती नसेल तर आपल्या बोर्डाचं पुस्तक बघ, अकरावीच्या केमिस्ट्रीत १३, १४, १५ ग्रुप आहेत, बारावीच्यात १६, १७, १८. बालभारतीच्या पुस्तकाला लातुरात कोणी हात लावत नाही हे माहितीये मला, तरी सांगते. सॉल्ट ॲनालिसिसचं पण तसंच, प्रॅक्टिकल केमिस्ट्री आता सिलेबसमध्ये रीतसर आहे.

आणि सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, हायड्रोजन, एस-ब्लॉक, मेटलर्जी, पॉलिमर, बायोतलं ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स, मिनरल न्यूट्रिशन, माणसाची पचनसंस्था, एन्व्हायर्नमेंटल इश्यूज, ही पानं दादाने कितीही सुंदर रंगवलेली असोत, रबर लावून बंद कर. मोह होतो, कारण आपल्याला पाठ असतं आणि पाठ असलेलं परत वाचायला फार बरं वाटतं.

आता बेडूक, याच्याशिवाय मला राहवणार नाही. आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं झुरळ. सकाळी मामा बिस्किटाच्या डब्यात झुरळं घेऊन यायचे, मुली किंचाळायच्या, मग मेणाच्या ट्रेमध्ये पाणी, टाचण्या, आणि पांढऱ्या धाग्यासारखी नर्व्ह कॉर्ड दिसली की त्याच मुली 'मॅडम मला आधी बघू द्या' म्हणून ढकलाढकली करायच्या. बोर्डाच्या अकरावीच्या बायोत अजून झुरळाचा अख्खा धडा आहे. नीटच्या नव्या सिलेबसमध्ये मात्र ओळ अशी लिहिलीय की कीटक, आणि कंसात बेडूक. खरंच, कीटक, कंसात बेडूक. मी चष्मा पुसून परत वाचलं. पचनाचा धडा काढला आणि बेडकाची पचनसंस्था ठेवली ही आणखी एक मजा. पण चेष्टा बाजूला, तू लिहिलंस की बेडूक तू कधी केलाच नाहीस कारण दादाच्या वहीत नाही. तो एका दिवसाचा मामला आहे गं. हृदयाला तीन कप्पे, यकृताची आणि मूत्रपिंडाची अशा दोन पोर्टल सिस्टीम, तांबड्या पेशीत केंद्रक असतं, मेंदूच्या नसा दहा जोड्या, नराला व्होकल सॅक आणि पुढच्या पायाच्या पहिल्या बोटावर गादी. एनसीईआरटीची तेवढी पानं, आकृती तीन वेळा हाताने काढायची, झालं. आणि झुरळ पूर्ण पुसून टाकू नकोस. ज्या ओळीत कीटक आणि बेडूक एकत्र नांदतात तिच्यावर एवढा विश्वास मी तरी टाकणार नाही.

तर पद्धत काय? कमिशनच्या साइटवरचा अभ्यासक्रम प्रिंट काढ, झेरॉक्सवाल्याकडे वीस-पंचवीस रुपयांत होईल, भिंतीला लाव. वहीचं कुठलंही पान उघडलं की आधी भिंतीवर बोट ठेवायचं. भिंतीवर आहे, वहीत आहे: वाच, आणि नव्या पुस्तकातलं वाक्य वेगळं असेल तर वहीत लाल पेनने दुरुस्त कर. भिंतीवर आहे, वहीत नाही: तेवढं नवं कर. भिंतीवरच नाही: रबर. दरवर्षी नवीन कागद निघतो, तो निघाला की जुन्यावर ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायचं, अर्ध्या तासाचं काम. ग्रुपवरच्या पीडीएफ कोण बनवतं, कुठल्या वर्षाच्या असतात, कोणाला माहीत. पेपर ऑनलाइन होणार, दोनदा होणार, सेक्शन बी परत येणार, हे पण तिथलंच. झालं तर एनटीए जाहीर करेल, तुला पहाटे उठून शोधावं लागणार नाही.

आणि सराव दुपारी कर. पेपर दुपारी २ ते ५ असतो आणि तुम्ही सगळे टेस्ट सकाळी फ्रेश डोक्याने देता. मेसचा वरणभात खाऊन, पंखा घरघर करत असताना, १८० मिनिटांत १८० प्रश्न बसून बघ. ओएमआरचे गोळे पण त्याच वेळात काळे करायचे, नंतर नाही. बायो ४५-५० मिनिटांत हातावेगळं झालं तर फिजिक्सला श्वास घ्यायला जागा मिळते, तुझ्या फिजिक्सला ती हवीय. पहिले तीन-चार पेपर वाईट जातील, जाऊ देत.

तिसऱ्या वर्षाचं काय. तू विचारलंस सोडू का, आणि काका म्हणतात बास. नीटला किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही हे खरं, पण घराला असते, आणि तू पत्रात वडिलांच्या कर्जाबद्दल ज्या घाईने एक ओळ लिहून पुढे पळालीस त्यावरून मला वाटतं ती मर्यादा तुलाही दिसतेय. काका तुझे वैरी नाहीत. पण बीएएमएस ही काही हरलेल्यांची रांग पण नाही, साडेपाच वर्षं आहेत ती, मन नसताना काढता येत नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीने 'नाइलाज' म्हणून घेतलं आणि पहिल्या वर्षीच रडकुंडीला आली, दुसरी आवडीने गेली आणि तिची आज तालुक्याला छान प्रॅक्टिस आहे. तू एकदा आयुर्वेद कॉलेजात शिकणाऱ्या कुणाशी तासभर बोल, काय शिकतात, कंटाळा कशाचा येतो, ते विचार. शेतकऱ्याची पोर आहेस म्हणून सांगते, पशुवैद्यकीयचा पण प्रवेश नीटवरच होतो आणि त्या पदवीला गावाकडे मान आहे, याचा विचार सुद्धा केलेला दिसत नाही तू. प्रवेशाचे राउंड चालू असतील तर फॉर्म भरून ठेव, फक्त माहितीपुस्तिका नीट वाच, कुठल्या राउंडनंतर सीट सोडली तर पैसे जातात, पुढच्या राउंडला बसता येतं का, हे न वाचता पोरं अडकतात.

ड्रॉप घ्यायचाच ठरला तर माझी अट एकच. ते ३४ आणि २३ चे शब्द लिहून झाल्यावर ठरव, आधी नाही. 'विसरले', 'तुक्का' आणि 'घाई' जास्त असतील तर आणखी एक वर्ष देण्यात अर्थ आहे, कारण या तिन्हींवर काम करता येतं आणि तू आजवर त्यावर केलेलंच नाहीस. पण सगळीकडे नुसतं 'फिजिक्स कळतच नाही' असं असेल आणि ते दोन वर्षं तसंच असेल, तर क्लास बदलून ते कळणार नाही, तेव्हा काकांशी शांतपणे बोल. पहिल्यापासून सगळं परत मात्र करू नकोस. ७२ बरोबर आणणाऱ्या मुलीने बायो पान १ पासून कशाला वाचायचं?

पालकही हे सदर वाचतात म्हणून दोन वाक्यं. पोरीला "यंदा किती पडतील" असं विचारू नका, पेपर कसा निघेल हे तिच्या हातात नाही. "दुपारचा पेपर दिलास का" एवढं विचारा.

बायोत नवीन फॅमिली आल्यात त्यांची तू फार धास्ती घेतलीयस. माल्वेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रामिनी. नावं फुगीर आहेत, बाकी सगळी मंडळी तुझ्या वावरातली. दिवाळीला गावी जाशील तेव्हा कपाशीचं एक फूल तोड, उभं चीर, सगळे पुंकेसर एका नळीत बांधलेले दिसतील, तो माल्वेसी. तुरीला फुलोरा असेल, त्यात नऊ एकत्र आणि एक वेगळा, मोजून बघ. दसऱ्याचा झेंडू उरला असेल तर एक फूल सुटं कर, ते एक फूल नसून फुलांचा मेळावा आहे, करडईचं पण तसंच. ज्वारीचं कणीस तुला मी काय दाखवू. क्रुसिफेरीसाठी बाजारात डिंगऱ्या मिळाल्या तर आण, मुळ्याच्याच शेंगा त्या, फुलात चार पुंकेसर लांब आणि दोन आखूड. वडिलांना सोबत घेऊन जा, त्यांना बरं वाटेल.

आणि दादाला फोन कर. वह्या परत करू नकोस आणि खोटं पण बोलू नकोस. "दादा, पी-ब्लॉकची वही ठेवतेय, बाकीच्यांत नवीन सिलेबसप्रमाणे लाल पेनने खाडाखोड करणारे, चालेल ना" एवढंच म्हण. मेडिकलला तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेला मुलगा तो, दर दोन वर्षांनी पुस्तकाची नवी आवृत्ती विकत घेतो, त्याला यात काही वाटणार नाही. हळदकुंकवाचं आईशी बोलताना मात्र जरा सांभाळून, लाल पेन घरी नेऊ नकोस.